टेक कंपनीची वेबसाइट जोखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वेबसाइट बारकाईने वाचून त्यांना लेखी अभिप्राय देणं हे माझं काम. बहुतेक कंपन्या पुण्या-मुंबईच्या, थोड्या नाशिक-कोल्हापूरच्या. प्रश्न मात्र सगळीकडून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. ती सारख्या लांबीची नाहीत. कंपन्या जिथे जास्त चुकताना दिसतात, तिथे मी जास्त थांबलो आहे.

साइट ‘प्रभावी’ आहे म्हणजे नेमकं काय?

आलेल्या माणसाचं काम झालं की साइट प्रभावी. टेक कंपनीच्या साइटवर एकाच वेळी वेगवेगळी माणसं येत असतात. कुणाला सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं, कुणाला ते आपल्या प्रणालीशी जोडायचं असतं. कुणी जुना ग्राहक असतो आणि ऐन महिनाअखेरीला त्याचं लॉग-इन होत नसतं. कुणाला नोकरी हवी असते. म्हणून ‘साइट कशी वाटली?’ असं मी कधी विचारत नाही. कुणाचं, कोणतं काम, किती वेळात झालं, हे विचारतो.

देखणेपणाला मी कमी लेखत नाही. नीटनेटकं पान पाहून विश्वास बसतो, आणि तो बसायलाच हवा. पण साडीचं दुकान किंवा हॉटेल यांच्या साइटपेक्षा टेक कंपनीच्या साइटला कडक माप लावावं लागतं. हॉटेलची साइट ढिसाळ असली तरी जेवण उत्तम असू शकतं. सॉफ्टवेअर कंपनीची साइट मात्र त्याच हातांनी, त्याच सामग्रीने बनलेली असते. ग्राहकाच्या हाती पडणारा तो तिच्या कामाचा पहिला नमुना. शितावरून भाताची परीक्षा होते ती इथे.

तपासणी होमपेजपासून सुरू करावी का?

शक्यतो नको. बरीच माणसं शोध घेऊन थेट आतल्या एखाद्या पानावर उतरतात. शिवाय होमपेज समोर ठेवलं की चर्चा रंग, फोटो आणि लोगो यांच्यावरच घसरते. आधी एक माणूस आणि त्याचं एक काम ठरवा, मग साइट उघडा.

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखानदारांना मी एकदा साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरची साइट दाखवली. त्यांच्या मनात तीनच प्रश्न होते: टॅलीशी जुळतं का, जॉबवर्कचं चलन (मजुरीच्या कामाच्या मालासोबतचा कागद) निघतं का, आणि वर्षाला कितीला पडतं. बारा मिनिटं ते साइटवर फिरले. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित’ हे शब्द त्यांनी तीन ठिकाणी वाचले, काचेच्या इमारतीत हसणाऱ्या माणसांचे फोटो पाहिले, एक चलचित्र सुरू करून बंद केलं. तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. “फोनच करतो की सरळ,” ते म्हणाले, “मग साइट कशाला काढलीय?”

नंतर कळलं, सॉफ्टवेअरमध्ये त्या तिन्ही सोयी होत्या. टॅलीच्या जोडणीवर तर कंपनीने वर्षभर मेहनत घेतली होती. साइट लिहिणाऱ्याला ती गोष्ट किरकोळ वाटली आणि राहून गेली. चांगल्या कामाचं असं झालेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. हा लेखनप्रपंच मुख्यतः त्यासाठीच.

पहिल्या ओळीत काय लिहावं?

काय विकता, कुणाला विकता आणि त्याने त्याचं काय काम होतं. एक सोपी कसोटी देतो. कंपनीचं नाव झाकून पहिली ओळ मोठ्याने वाचा. तिथे दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव चालून जात असेल, तर ती ओळ अजून लिहिलीच गेलेली नाही.

‘व्यवसायांना सक्षम करणारं एकात्मिक डिजिटल व्यासपीठ’ ही ओळ बँकेला चालते, शाळेला चालते, दवाखान्यालाही चालते. त्याऐवजी ‘यंत्रमाग कारखान्यांसाठी सूत, बीम आणि कापडाचा हिशेब, टॅलीशी जोडलेला’ असं लिहिलं, तर ज्याचा माग आहे तो थांबेल आणि ज्याचा नाही तो पुढे जाईल. दुसरा गेला याचं दुःख करू नये. तो तसाही घेणार नव्हता.

शिकागोची थर्टीसेव्हन सिग्नल्स ही कंपनी आज बेसकॅम्प या सॉफ्टवेअरमुळे ओळखली जाते. १९९९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायची. त्या धंद्यातल्या इतर कंपन्या आपल्या कामाची चित्रं झळकवत असताना यांनी स्वतःची साइट नुसत्या मजकुराची केली: वेब कसं असावं याबद्दलची आपली मतं, क्रमांक घालून. ज्यांना ती मतं पटली त्यांनी काम दिलं. सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणणार नाही, पण पहिली ओळ लिहायला घाबरणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण आठवावं.

आणि ती ओळ काही केल्या जमत नसेल, तर अडचण बहुधा लिहिणाऱ्याची नसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपण नेमके कुणासाठी आहोत हे कंपनीत आधी ठरवावं लागतं.

गूगलचं होमपेज रिकामं आहे. मग आमचं का नको?

कारण गूगलवर येणाऱ्याला आपण काय करायला आलोय हे आधीच ठाऊक असतं. सुरुवातीच्या दिवसांतला एक किस्सा तेव्हा तिथे काम करणाऱ्या मरिसा मेयर यांनी सांगितला आहे. चाचणीला बसवलेली माणसं पान उघडून नुसतीच थांबून राहायची, कारण पान अजून पूर्ण उमटलेलं नाही असं त्यांना वाटायचं. पान इथे संपलं हे कळावं म्हणून तळाशी कॉपीराइटची ओळ टाकली गेली. २००८ मध्ये होमपेजवर गोपनीयतेची लिंक द्यायची वेळ आली, तेव्हा शब्दांची संख्या २८ वरच राहावी म्हणून कॉपीराइटच्या ओळीतला ‘गूगल’ हा शब्द काढला गेला.

घ्यायची असेल तर ही शिस्त घ्या, रिकामी जागा नको. तुमच्याकडे आलेल्याला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं. त्याला शब्द लागतात, आणि प्रत्येक शब्द जागा अडवतो याची जाणीव लिहिणाऱ्याला लागते.

दर साइटवर लिहावेत का? प्रतिस्पर्ध्याला कळतील ना?

लिहावेत. प्रतिस्पर्ध्याला ते आधीच माहीत असतात. ज्या ग्राहकाने तुम्हा दोघांकडून कोटेशन मागवलं, त्यानेच ते दाखवलेले असतात. अंधारात राहतो तो फक्त नवा ग्राहक.

या बाबतीत आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण मला झेरोधाचं वाटतं. २०१० मध्ये बेंगळुरूत ही कंपनी सुरू झाली, तेव्हा शेअर दलालीचा दर म्हणजे बहुतांश ठिकाणी व्यवहाराच्या टक्क्यात, आणि घासाघीस करून ठरणारी गोष्ट होती. यांनी तो सरळ सांगितला. शेअर घेऊन ठेवले (डिलिव्हरी) तर आज दलाली शून्य आहे, त्याच दिवशी घेऊन विकले (इंट्राडे) तर एका ऑर्डरमागे जास्तीत जास्त २० रुपये. पण त्या साइटवरची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे: दलालीचं कॅल्क्युलेटर. खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि शेअरची संख्या टाकली की दलाली, एसटीटी (शेअर-व्यवहारावरचा सरकारी कर), शेअर बाजाराचं शुल्क, सेबी या नियामकाचं शुल्क, मुद्रांक शुल्क, जीएसटी असं सगळं ओळीने मांडून दाखवतं. नफा-तोटा बरोबरीत यायला भाव किती हलावा लागेल, हेही सांगतं. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही, मोबाईल नंबर द्यावा लागत नाही. यातले बरेचसे पैसे झेरोधाकडे जातही नाहीत, ते सरकारकडे आणि बाजाराकडे जातात. तरीही त्यांनी ते लपवले नाहीत, कारण ग्राहकाच्या खिशातून जाणारा रुपया कुणाकडे गेला याने ग्राहकाला फरक पडत नाही. एकूण किती गेला याने पडतो.

‘आमचा प्रत्येक ग्राहकाचा दर वेगळा असतो’ ही अडचण खरी असू शकते. मग एक उदाहरण द्या: दहा कामगार, दोन गोदामं, टॅलीची जोडणी, पहिल्या वर्षी इतके, दुसऱ्या वर्षापासून इतके. ज्याचा कारखाना याच्या दुप्पट आहे तो आपला अंदाज बांधेल. जीएसटी धरून की वेगळा, हे त्याच ओळीत लिहा. इथल्या ग्राहकाला डॉलरमधला दर दाखवू नका. आणि ‘संपर्क साधा’ एवढंच लिहिलेलं बटण दराच्या जागी ठेवू नका. ते बटण पाहून परत फिरलेला माणूस तुमच्या कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही, आणि म्हणून तो गेला हे कंपनीला कधी कळतच नाही.

डेव्हलपर लोक सारखं स्ट्राइपचं नाव का घेतात?

पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या आयरिश भावांनी उभी केलेली, साइटवर पैसे स्वीकारण्याची सोय देणारी स्ट्राइप ही कंपनी २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्या काळी साइटवर कार्डाने पैसे घ्यायचे तर बँकेकडे व्यापारी खातं, कागदपत्रं, आणि मग जोडणीची किचकट पुस्तिका असं सगळं पार पाडावं लागे. स्ट्राइपने विकायची गोष्ट हीच मानली की प्रोग्रामरने साइटवर यावं आणि बसल्या जागी काम सुरू करावं. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे वापर शिकवणाऱ्या पानांवर, समजावणारा मजकूर आणि चालणारा कोड शेजारी-शेजारी असतो. तुम्ही तुमची प्रोग्रामिंग भाषा निवडता आणि उदाहरणं त्या भाषेत येतात. लॉग-इन केलेलं असेल तर नमुन्याच्या कोडमध्ये तुमची स्वतःची चाचणी-किल्ली (खरे पैसे न हलवता करून पाहण्यासाठीचा संकेत) आधीच भरलेली असते, म्हणजे कॉपी केलेला कोड लगेच चालतो. ४२४२ हे चार आकडे चार वेळा लिहिले की त्यांचं चाचणीचं कार्ड तयार होतं. लक्षात राहायला इतका सोपा नंबर दिल्यामुळे तो जगभरच्या प्रोग्रामरांना तोंडपाठ आहे.

इथे विक्री आणि मदत यांच्यात भिंत नाही. घ्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस मदतीची पानं वाचूनच ठरवतो.

‘आमचं सॉफ्टवेअर प्रोग्रामरसाठी नाही, मग याचा काय उपयोग?’ असं मला हमखास विचारतात. उपयोग आहे. तुमच्या अकाउंटंट ग्राहकाला पडद्यावर चूक झाल्याचा जो संदेश दिसतो, तो जसाच्या तसा शोधला की त्या संदेशाचं पान सापडलं पाहिजे, आणि त्या पानावर ‘हे का झालं’च्या आधी ‘आता काय करा’ आलं पाहिजे. ही पानं लॉग-इनच्या आड ठेवू नका. विकत घ्यायच्या विचारात असलेला माणूसही ती वाचतो. अडचण आल्यावर ही कंपनी आपल्याशी कशी बोलेल, हे त्याला तिथे दिसतं.

वेगाला किती महत्त्व द्यावं?

खूप. सुदैवाने मापं ठरलेली आहेत, वाद घालावा लागत नाही. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये तीन गोष्टी मोजतात. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बटण दाबल्यावर पडद्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. आणि मजकूर उमटताना पान इकडेतिकडे सरकू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. चारपैकी तीन भेटींत हे जमलं तर पान चांगलं. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित: ‘रद्द करा’वर बोट टेकवायला जावं, तेवढ्यात वरून जाहिरातीची पट्टी उतरावी आणि ‘मान्य आहे’ दाबलं जावं, हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे.

ऑफिसच्या वायफायवर, नव्या लॅपटॉपवर वेग मोजण्यात अर्थ नाही. दहा हजारांच्या आसपासचा अँड्रॉइड फोन घ्या, मोबाईल डेटा चालू करा आणि गर्दीच्या वेळी स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभं राहून साइट उघडा. बरेचदा गुन्हेगार सापडतो तो होमपेजवर आपोआप सुरू होणारं चलचित्र. ते कुणी मागितलेलं नसतं.

सेवा बंद पडली तर साइटवर सांगावं का? बदनामी होईल ना?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तीन खऱ्या घटना सांगतो.

२८ फेब्रुवारी २०१७. इतरांना सर्व्हर भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या एका कर्मचाऱ्याने देखभालीची आज्ञा देताना एक बाब चुकीची टाकली आणि हवे होते त्याहून जास्त सर्व्हर बंद झाले. उत्तर व्हर्जिनियातली एस-थ्री ही साठवणुकीची सेवा पडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य साइट अडखळल्या. लोक ॲमेझॉनचं स्टेटस पेज, म्हणजे कोणती सेवा चालू आणि कोणती बंद हे सांगणारं पान, पाहायला गेले, तर तिथे जवळपास दोन तास सगळं ठीक असल्याच्याच खुणा. कारण ते पान अद्ययावत करण्याची यंत्रणाही एस-थ्रीवरच अवलंबून होती. कंपनीने पुढे आपल्या निवेदनात हे स्वतः मान्य केलं. म्हणून कुणाचंही स्टेटस पेज तपासताना माझा पहिला प्रश्न असतो: हे पान कुठे ठेवलंय? ज्या सर्व्हरची तब्येत सांगायची, त्याच सर्व्हरवर ते असेल तर उपयोग शून्य.

त्याच वर्षी, ३१ जानेवारीला, प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅबच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या ज्या पद्धती होत्या, त्यांतली एकही नीट चालत नसल्याचं तेव्हाच उघड झालं. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने काय केलं? दुरुस्तीच्या नोंदींची फाइल सगळ्यांना वाचायला खुली केली आणि यूट्यूबवर दुरुस्ती थेट दाखवली. काय गेलं, काय वाचलं, पुढचं पाऊल कोणतं, हे ग्राहकाला तासातासाला कळत होतं. डेटा गमावणं ही गंभीरच चूक, तिचं समर्थन कुणी करू नये. पण त्या रात्री ग्राहकाला अंधारात बसावं लागलं नाही.

तिसरी घटना क्लाउडफ्लेअरची. ही कंपनी साइट आणि तिचे वाचक यांच्या मधे राहून साइटला वेग आणि संरक्षण देते. २ जुलै २०१९ रोजी एका सुरक्षा-नियमातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) जगभरच्या त्यांच्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेले, आणि २७ मिनिटं त्यांच्यामागच्या साइट दिसेनाशा झाल्या. काही दिवसांत त्यांनी मिनिटामिनिटाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती ओळ नेमकी कोणती, ती इतकी महागात का पडली, आणि तिला आधीच पकडू शकणारी तपासणी कशी निसटली, हे सगळं त्यात होतं. हा वृत्तांत वाचून प्रोग्रामर आजही शिकतात.

लहान कंपनीला एवढं सगळं नको. वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं एक साधं पान पुरे: आत्ता काय चालू, काय बंद, शेवटची नोंद किती वाजता, पुढची किती वाजता. पुढची वेळ लिहिली की फोन निम्म्यावर येतात, हे मी सपोर्टवाल्यांकडून अनेकदा ऐकलं आहे. आणि जुन्या नोंदी पुसू नका. कधीच काही बंद पडलं नाही असं सांगणाऱ्या पानावर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही.

कुकीची ती पट्टी लावणं सक्तीचं आहे का?

कुकी म्हणजे साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी. सेवा चालवायला आवश्यक नसलेल्या कुकी ठेवायच्या असतील, तर युरोपच्या कायद्याने संमती घ्यावी लागते. तशा कुकी ठेवल्याच नाहीत, तर पट्टी लागत नाही. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहबने डिसेंबर २०२० मध्ये तेच केलं. अनावश्यक कुकी काढून टाकल्या आणि पट्टीही काढली.

आणि पट्टी असो वा नसो, ग्राहकाला फसवणारी रचना नको. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसव्या रचनेचे १३ प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. खोटी घाई लावणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, शुल्क थेंबाथेंबाने उघड करणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं, हे सगळं त्यात आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांनी विशेष लक्ष द्यावं असा एक प्रकार खास सॉफ्टवेअरच्या वर्गणीबद्दल आहे: मोफत मुदत संपली की न कळवता पैसे कापायला सुरुवात करणं. तुमच्या साइटवर खातं उघडायला दोन क्लिक आणि बंद करायला ईमेल लिहावा लागत असेल, तर ते आज दुरुस्त करा.

साइट मराठीत असावी का?

तुमचा ग्राहक मराठीत हिशेब लिहीत असेल, तर हो. आणि करायची तर पूर्ण करा. मेनू मराठीत, पण दर, मदत आणि अटी इंग्रजीत, अशी साइट वाचकाला दारापर्यंत आणून परत पाठवते. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ नुसार डेटाच्या संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे. त्या २२ भाषांत मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत. मग निदान ते पान तरी यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका, भाषा जाणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या.

अक्षरांकडेही पाहा. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्यात लिहिलेलं असतं त्या मूळ मजकुरात, भाषेचा कोड मराठीचाच द्या. तो मराठीचा असेल, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या वळणाचे उमटतात, आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मराठी आवाज निवडतं. इंग्रजी मथळ्यांसाठी अक्षरांत जास्तीचं अंतर ठेवायची फॅशन आहे. तीच सेटिंग देवनागरीला लागली की शिरोरेषा तुकड्यातुकड्याने तुटते. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. चाचणीसाठी ‘दऱ्याखोऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हे शब्द टाकून पाहा. ते नीट दिसले तर बाकीचं बहुतेक नीट दिसेल.

पत्ताही देवनागरीत घेता येतो, ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. मात्र इंग्रजी पत्ता सोबत ठेवा, अनेकांच्या फोनवर तोच टाइप करणं सोपं जातं.

अंध व्यक्तींना साइट वापरता येते का, हे डोळसाने कसं तपासावं?

माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या कळीने दरांच्या पानापर्यंत जाऊन फॉर्म भरून दाखवा. कुठे अडकलात ते लिहून ठेवा. मग फोनमधला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक सुरू करून तेच करा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं, हे डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचं माप आहे. फिक्या राखाडी अक्षरांची जी चाल आली आहे, ती इथे नापास होते. चाळिशी लागलेल्या प्रत्येकालाही तिचा त्रास होतो.

मुलाला एका आयटी कंपनीची ऑफर आली आहे. साइट पाहून ती खरी की खोटी हे कळेल का?

हा प्रश्न पालकांकडून येतो आणि तो अगदी रास्त आहे. नुसती साइट पाहून खात्री होत नाही, कारण खोटी साइट एका दुपारीत उभी राहते. पण काही गोष्टी ताडून पाहता येतात. साइटवरून धंदा करणाऱ्या कंपनीने आपलं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी) क्रमांक, फोन, ईमेल आणि चौकशीसाठी संपर्क-व्यक्तीचं नाव होमपेजवर द्यावं, असं २०१४ चे कंपनी स्थापनेचे नियम सांगतात. तो सीआयएन कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकून पाहा. ईमेल कंपनीच्याच डोमेनवरून आलाय का, एखादं अक्षर इकडचं तिकडे नाही ना, हे अक्षरं मोठी करून बघा. नोकरीसाठी आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही, असा इशारा टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या मोठ्या कंपन्या आपल्या साइटवर देतात. प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

कंपन्यांनाही सांगणं आहे. हा इशारा तळाच्या बारीक अक्षरांत ठेवू नका, करिअरच्या पानावर सर्वांत वर ठेवा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीच्या नियमांमुळे साइटवर बरीच माहिती द्यावीच लागते आणि त्या ती देतात. गावाकडून पहिल्यांदा पुण्याला निघालेल्या मुलासाठी मात्र ही एक ओळ त्या सगळ्या अहवालांहून मोलाची असते.

कोणते आकडे मोजावेत?

एकूण भेटींचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. मी दोनच मागतो. दर पाहिल्यानंतर किती जणांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि सपोर्टला गेल्या महिन्यात आलेल्या फोनपैकी किती फोनांचं उत्तर साइटवर आधीच होतं. दुसरा आकडा काढायला फोन घेणाऱ्या ताईंजवळ एक दिवस बसावं लागतं. बसा.

पैसे खर्च न करता, एकट्याने तपासणी करता येईल?

नक्की. क्रोम ब्राउझरमध्येच असलेलं लाइटहाउस वेग मोजतं. वेबएम संस्थेचं वेव्ह हे साधन सुलभतेतल्या ढोबळ चुका दाखवतं. जुन्या साइटच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर प्रतिस्पर्ध्याची पाच वर्षांपूर्वीची साइट उघडा. त्यांनी कोणतं वाक्य बदललं आणि कोणतं इतकी वर्षं तसंच ठेवलं, यातून त्यांना काय लागू पडलं याचा चांगला अंदाज येतो. वेगवेगळ्या खऱ्या फोनांवर साइट पाहायची असेल तर ब्राउझरस्टॅक आहे. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आज जगभर वापरली जाते. तिचा सशुल्क भाग घेण्याआधी घरातले, शेजारचे फोन वापरून पाहा.

पण साधनांपेक्षा माणसं जास्त शिकवतात. पाच जण पुरतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० मध्येच मांडलं होतं. पहिल्या पाचांतच बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. कंपनीबाहेरचे पाच जण बसवा, प्रत्येकाला एक काम द्या आणि गप्प राहा. गप्प राहणं सर्वांत कठीण जातं. बटण वर उजवीकडे आहे हे सांगायला जीभ शिवशिवते. सांगू नका, लिहून घ्या.

मग साइट नव्याने करून घ्यावी का?

बहुतेकांना मी नको म्हणतो. संपूर्ण साइट पुन्हा करायला सहा महिने जातात, जुन्या पानांचे पत्ते बदलतात, आणि लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक तुटतात. त्याऐवजी ज्या एका प्रश्नाचे फोन सर्वांत जास्त येतात, त्याचं पान या आठवड्यात लिहा. इचलकरंजीच्या त्या उदाहरणातल्या कंपनीनेही पुढे एवढंच केलं. ‘टॅलीशी जोडणी’ नावाचं एक पान, त्यावर चार स्क्रीनशॉट, जॉबवर्कच्या चलनाचा एक नमुना आणि खाली वर्षाचा दर. रंग, लोगो, होमपेजवरचे फोटो अजून तेच आहेत.